दहा शेरांची चूक

"ओ पाहुणे, कोनाच्या वावरात दोरी बांधून राह्यले?"

प्रल्हाद ढोलेच्या हातातली लाकडी खुंटी सुटली ती त्याच्याच पायावर पडली. पंचफुला हसली. पुढं जे झालं ते पाहता हसायला नको होतं... पण ओठ काय आधी विचारून हसतात?

भादव्यातली उघडीप होती. कापसाची पऱ्हाटी कमरेला लागत होती, पानांवरचं पाणी तिच्या लुगड्याचा काठ भिजवत होतं, आणि वावराच्या मधोमध हा चष्मेवाला माणूस चार खुंट्यांना सुतळी ताणत होता.

"सरकारी काम आहे," तो पाय चोळत म्हणाला. "यवतमाळच्या ऑफिसातून आलोय. बोंडं मोजायला."

"बोंडं? सरकारले दुसरा धंदा नाही का?"

"असंन. पन मले तं हाच देल्ला!"

गडबडला की त्याची पुस्तकी भाषा सुटायची आणि घरची वऱ्हाडी बाहेर यायची. फुलानं हे त्याच दिवशी हेरलं. पुढं त्याला मुद्दाम गडबडवायची तिला सवयच लागली.

वावर मारोतरावांचं, दिग्रसपासून दोन कोसांवरचं. फुला त्यांची एकुलती लेक, सातवी पास. साल त्रेसष्टचं. तालुक्यातल्या दहा वावरांत प्रल्हादनं असे चौकोन आखले होते. चौकोनातली झाडं मोजायची, झाडावरची बोंडं मोजायची आणि पहिल्या वेचणीत किती कापूस निघेल ते आधीच सांगून ठेवायचं. कापूस निघाला की तोलायचं आणि आपण किती चुकलो ते बघायचं.

"चुकता काय मंग?" फुलानं विचारलं.

"सगळेच चुकतात. किती, ते महत्त्वाचं." तो बांधावर टेकला. "समजा, एका वावरात मी दोन शेर जास्त सांगितला, दुसऱ्यात दोन शेर कमी. दोन्ही चुका मिळवल्या तर?"

"फिटल्या. शून्य."

"मग मी बरोबर निघालो?"

फुलानं पदराचं टोक दातात धरलं. "छ्या! दोन्हीकडं चुकले, अन् साळसूद व्हाले पाह्यता!"

तो खूश झाला. "म्हणून चुकीला चुकीनंच गुणायचं. दोन दुणे चार. कमी असो की जास्त, वर्ग केला की लपायला जागा नाही. सगळे वर्ग मिळवायचे आणि जेवढी वावरं तेवढ्यानं भागायचं. आकडा जेवढा लहान, तेवढा अंदाज भरवशाचा."

"अन् मोठी चूक झाली तं?"

"एक शेर चुकलं तर एकच. दहा शेर चुकलं तर शंभर. हा हिशेब लहान चुका सोडून देतो... मोठी सोडत नाही."

"माह्या बाबासारखा," फुला म्हणाली.

त्यानंतर तो येतच राहिला. कधी बोंडं पुन्हा मोजायला, कधी सुतळी सैल झाली म्हणून. वेचणीच्या बायांची म्होरकी शकुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "बोंडं हाय तेवढीच हाय बाप्पा, मंग हा मानूस काहून घडीघडी येते?" फुला एखादं नुकतं फुटलेलं बोंड त्याच्या तळहातावर ठेवायची. बोटं लागायची—आणि दोघंही घाईघाईनं दोन वेगळ्या दिशांना बघायची.

शेवटी दसऱ्याला तो मारोतरावांकडे गेलाच. मारोतरावांनी चहा दिला, पान दिलं आणि म्हणाले, "पोरगं चांगलं हाय तुमी. पन टेम्परवारी मानसाले मी पोरगी देत नाही. पक्के व्हा, मंग या."

पक्कं होणं त्या एकाच आकड्यावर होतं. ऑफिसातल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं : वर्गांची सरासरी चारच्या आत आली तर नोकरी कायम, नाहीतर त्या जागेवर दुसरा माणूस.

"येईन काय चारच्या आत?" फुलानं बांधाआडून विचारलं.

"एक-दोन शेरांच्या पुढं कुठं जात नाही अजून." मग हळूच, "येते... तू फिकर नको करू."

तू! त्या एका 'तू'वर फुलाचे पुढचे सगळे दिवस हलके झाले.

वेचणी सुरू करायच्या दिवशी बाया वावरात सीतादही करतात. दहीभाताचा निवद, हळदकुंकू आणि त्याच जागेवरून वेचलेला पहिला कापूस. फुलाच्या गावी हा कापूस मालकाच्या घरी जात नाही. बाया तो ओटीत भरून आपापल्या घरी नेतात. दरवर्षी हे बांधालगतच्या कोपऱ्यात व्हायचं. त्या वर्षी जागा फुलानं निवडली. चार खुंट्या, ताणलेली सुतळी... जणू कुणी आधीच चौक मांडून ठेवलेला! बोंडं मोजून झाली म्हणजे इथलं काम संपलं, असंच ती समजून होती. तोलायचं ते बाबा तोलतात तसं, सगळ्या वावराचं, गाडीत भरताना. मग पहिला मान त्याच्या जागेला का नको?

"सायबाच्या चौकात सीतादही?" शकुबाईनं डोळे मिचकावले. "लगन बी इथंच लावतं का पोरी?"

बाया खिदळल्या. फुलानं लाजत लाजत, स्वतःच्या हातांनी, तो चौकोन वेचून रिकामा केला.

दोन दिवसांनी प्रल्हाद तराजू घेऊन आला. फुला त्या दिवशी बाजाराला गेली होती. चौकोनात नुसती टरफलं उभी होती. त्यानं वाकून चिमूटभर माती उचलून पाहिली. मग मागाहून फुटलेला थोडका कापूस त्यानं वेचून तोलला. चौकोनातून अकरा शेर निघेल असं सांगितलं होतं, एक निघाला. कुणाला काही न विचारता तो गेला.

आठवड्यानं बातमी आणली ती मारोतरावांनीच. "त्या ढोलेची नोकरी गेली म्हनते. आपल्याच वावरात दहा शेरानं चुकला. आज गाव सोडून चालला."

दहाचे शंभर. फुलाला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डोक्यातला कापूसही न झटकता ती दिग्रसच्या स्टँडवर पोचली, तेव्हा तो ट्रंक टपावर चढवत होता.

"तो कापूस मीनं वेचला," ती धापा टाकत म्हणाली.

"माहीत आहे. मातीत हळद होती."

"मंग आमचं वावर हिशेबातून काढलं काहून नाही?"

तो तिच्याकडे न बघता बोलला. "बाकीच्या नऊ वावरांचे वर्ग मिळून वीस. तुमचं धरून एकशे वीस. दहानं भागलं, बारा. साहेबांनी वर्गमूळ काढलं आणि म्हणाले, 'ढोले, तुम्ही वावरामागं साडेतीन शेर चुकता.' फुला, साडेतीन शेर तर मी कुठंच चुकलो नाही! नऊ ठिकाणी एक-दोन, आणि एका ठिकाणी..."

"काढलं असतं तं?"

"जेमतेम सव्वादोन आले असते."

"मंग!"

"काढायला कारण लिहावं लागतं. मारोतरावांच्या मुलीनं परक्या माणसाच्या चौकोनात पूजा मांडली, असं. चावडीवर चौकशी झाली असती. गावभर तुझं नाव... तुले ते सोसलं नसतं."

"मले कोनी इचारलं?"

त्यानं टपावरची ट्रंक उगाचच आणखी आत ढकलली.

"मी चावडीवर उभी राह्यली असती. म्हटलं असतं, व्हय, मीनंच केलं. हा मानूस मले आवडते, म्हनून केलं." तिचा आवाज फाटला. "झाडं मोजता, बोंडं मोजता... मले एकडाव इचाराचं तं होतं!"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मले वाटलं..."

"आता चला. मी सांगते सायबाले."

"माझ्या जागेवर दुसऱ्याची ऑर्डर निघाली. काल रुजूही झाला तो." मग जमिनीकडे बघत, "भिलाईला मामा आहे. कारखान्यात काही मिळतं का बघतो."

"चलो भई, यवतमाळ!" कंडक्टर रहमतभाई ओरडले. प्रल्हाद चढला, खिडकीशी बसला. रहमतभाईंनी दारावर हात ठेवून फुलाकडे पाहिलं. "बाई, येता का? जागा हाय."

फुलानं खिडकीकडे पाहिलं. 'ये' एवढंच म्हणाला असता... ती होती तशी, अंगावरच्या लुगड्यानिशी चढली असती.

प्रल्हाद तिच्याकडेच बघत होता. कपाळावर आठी होती. मामाचं घर, नसलेली नोकरी, मारोतराव, लोक... तो अंदाज बांधत होता.

"नाही भाऊ," फुला म्हणाली. "लावा दार."

घंटी वाजली. गाडीनं धुळीत वळण घेतलं, आणि तेव्हा खिडकीत तो ताडकन उठून उभा राहिलेला दिसला. दोन्ही हात गजांवर, तोंडानं काहीतरी म्हणत... इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही, आणि तोवर गाडी जिनिंग कारखान्याच्या भिंतीआड गेली होती.