चेतनाच्या रेकॉर्डवरचा दुसरा आवाज

हे खरं आहे. पटत नसेल तर इथेच थांबा. 'बापरे, काटा आला' अशी कमेंट टाकून पुढच्या क्षणी रील बघणाऱ्यांसाठी मी हे लिहीत नाहीये.

गेल्या डिसेंबरातला शनिवार. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक स्टुडिओ.

रात्र नव्हती. भर दुपार होती. खाली टेम्पोतून माल उतरत होता.

चेतना नावाच्या गायिकेचा पहिला अल्बम व्हिनाइलवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या रेकॉर्डवर, पुन्हा निघत होता. पॉप-सोल. वीस वर्षांपूर्वी तो सीडीवर आला, तेव्हा तिच्या पातळ आवाजाखाली आणखी एक आवाज होता. भरदार, ऊबदार. लोकांना आवडला तो तोच.

तो माझ्या मोठ्या बहिणीचा होता. जानकीताईचा.

कव्हरवर तिचं नाव नव्हतं. दोन्ही आवाज माझेच, असं चेतना मुलाखतींत बिनदिक्कत सांगायची. कोविडात ताई गेली. चेतनाचा साधा फोनही आला नाही.

या वेळी तिने त्याहून वरचा पराक्रम केला. सॉफ्टवेअर लावून ताईचा आवाज पुसला आणि त्या ओळी स्वतः गायल्या. हे मला तिथला साउंड इंजिनिअर केतन याने सांगितलं. तो ताईला ओळखायचा. रेकॉर्डच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमाला त्यानेच मला आत घेतलं.

मी भांडायलाच गेले होते.

आतली गर्दी बघून भांडायचीही किळस आली. घरी प्लेअर नाही, पण रेकॉर्ड छातीशी धरून फोटो चाललेले. एकाने तर ही कुठल्या बाजूने वाजते, असं विचारलं.

चेतनाने सुई टेकवली.

खरखर...

मग तिचा आवाज.

आणि त्याच्या खाली...

ताई.

चेतनाने केतनकडे पाहिलं. हेडफोन लावून त्याने लॅपटॉपवरची मूळ फाइल ऐकली. तिच्यात ताई नव्हती. मग त्याने एक सीलबंद रेकॉर्ड फोडली. ती लावली.

या वेळी वाद्यं होती. ताई होती.

चेतना नव्हतीच.

तिची ओळ यायची तिथे... काहीच नाही.

लोक डोलत होते. "काय वॉर्म साउंड आहे यार," माझ्या शेजारचा म्हणाला. गाणारी बाई गायब झाली होती आणि या दीडशहाण्यांना पत्ता नव्हता.

वेळ मारून न्यायला चेतनाने माइक घेतला. तोंड उघडलं.

स्पीकरमधून फक्त श्वास आला...

पुन्हा उघडलं. पुन्हा श्वास.

ती गर्दीतून थेट माझ्यापाशी आली. माझा हात धरला. कुजबुजण्याइतकाच आवाज उरला होता.

"तुझ्या बहिणीला काय हवंय?"

"मला काय विचारतेस? तिला विचार. वीस वर्षांत एकदा तरी विचारलं होतंस?"

मी हात सोडवून निघाले. सील फोडलेली ती रेकॉर्ड केतनने माझ्या पिशवीत टाकली.

चेतनाचा आवाज परत आलेला नाही. घसा ठीक आहे, असं डॉक्टर म्हणतात. चाहते हळहळतात. मी नाही हळहळले. रेकॉर्डवर ताईचं नाव अजून नाही, आणि बाकी कुणाच्या प्रतीत ताई ऐकूही येत नाही.

आमच्या बोरीवलीच्या घरात प्लेअर नाही. रेकॉर्ड मी आईला न सांगता कपाटात ठेवली होती.

परवा संध्याकाळी घरी आले, तर आई कपाटासमोर पाट टाकून, मांडीवर ताल धरून बसलेली. मी काही बोलणार, तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं.

"गप ऱ्हव गो. जानकी गाता."

कपाट बंद होतं.

मी कान दिला...

ताईच होती. आता वरची ओळ गात होती. मोकळ्या गळ्याने.

मला रडू फुटणार होतं. तेवढ्यात तिच्या खाली आणखी काहीतरी ऐकू आलं...

पातळ आवाज. ओळखीचा.

चेतना जिवंत आहे. लोखंडवालात राहते.

तो आवाज गात नव्हता. काहीतरी मागत होता. पुन्हा पुन्हा तेच. शब्द नीट लागत नव्हते.

मी कपाटाकडे सरकले, तर आईने माझा पदर धरून मागे ओढलं.

"तेच्याकडे लक्ष देव नको," ती म्हणाली, आणि पुन्हा ताल धरला.