रंगमंचाखालचा श्वास

“हलू नकोस गं! शेपटी टाचतेय मी, सुई भलतीकडेच घुसेल!”

“मावशी, आत भट्टी पेटल्यासारखं होतंय!” सिंहिणीच्या मुखवट्यातून शिट्टी घुसमटलेल्या आवाजात ओरडली.

“दहा मिनिटांत रडकुंडीला आलीस? नाचणारी मुलगी तासभर घालते हे. तिचं न् तुझं माप एक आहे, म्हणून तुला उभी केलीय.”

कापडाच्या ढिगावर लोळणारी मुंगी खिदळली. “सिंहीण रडतेय! सिंहीण रडतेय!”

शिट्टी तेरा वर्षांची. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की शेजारच्या गल्लीतले लोक मागे वळून बघायचे. मुंगी तिची धाकटी बहीण. वय नऊ, अंगानं एवढीशी, आणि कुठल्याही फटीतून पलीकडे जाणारी. सुट्टीत दोघी मावशीकडे आल्या होत्या. मावशीचा मुलगा पंडित बारा वर्षांचा. त्याच्या मनगटावर घड्याळ आणि खिशात वही कायम असायची.

मावशी एका पार्कमध्ये शिंपीण होती. पार्क प्राण्यांचा, पण जिवंत प्राणी एकही नाही. जिराफाच्या मानेवरून घसरगुंडी, कासवांची गाडी, हत्तीच्या सोंडेतले झोपाळे. आणि मधोमध जुना लाकडी रंगमंच. तिथं रोज चार वाजता प्राण्यांचे पोशाख घालून कलाकार नाचगाण्यांचा खेळ करायचे. मावशीची खोली रंगमंचाला चिकटूनच होती. भिंतीवरच्या खुंट्यांना अस्वलाचं, गेंड्याचं, माकडांचं डोकं टांगलेलं. सगळ्यांचे काचेचे डोळे दाराकडे लागलेले. खोलीत डिंकाचा, रंगाचा आणि घामाचा वास भरलेला असायचा.

“रविवारी माझी धडगत नाही,” दातांत दोरा धरून मावशी म्हणाली. “पाहुणे येणार, मॅनेजरसाहेब नव्या विस्ताराची घोषणा करणार, आणि चाळीस शाळकरी पोरं बदकं होऊन नाचणार. चाळीस चोची! अजून अकरा शिवायच्यात!”

विस्तार म्हणजे नकली पाणघोड्यांचं तळं. रंगमंचाच्या मागे पत्र्यांचं कुंपण घालून त्याचा भलामोठा खड्डा खणला जात होता.

“पावणेचार झाले,” घड्याळ बघत पंडित एकदम हळू आवाजात म्हणाला. “चला विंगेत. तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय.”

विंगेत अंधारं होतं. मंचावर कलाकार खेळाआधीची उजळणी करत होते. पडदा ओढणारे म्हातारे आजोबा दोरखंडाला हात लावून उभे होते.

आणि मग तो आला.

एक श्वास. लांबलचक, ओला, खालून वर येणारा. पायाखालच्या फळ्यांमधून गार हवा घोट्यांना लागली. वाऱ्याचा मागमूस नसताना जड पडदा फुगला आणि हळूच खाली बसला. कुजलेल्या पेंढ्याचा आणि त्यात मिसळलेला एक उग्र, जनावरासारखा वास पसरला. मुंगीनं शिट्टीचा हात घट्ट पकडला.

अस्वलाचा पोशाख घातलेल्या काकांनी झटकन मुखवटा काढला. चेहरा पांढराफटक पडला होता. “आलं! पुन्हा आलं! मी त्या डाव्या कोपऱ्यात उभा राहणार नाही, आत्ताच सांगतो!”

आजोबा मात्र घाबरले नव्हते. ते फळ्यांकडे वाकून अगदी मायेनं पुटपुटले, “हो गं बाई. आहे मी इथंच.”

शिट्टीच्या अंगावर सरसरून काटा आला.

बाहेर येताच तिनं विचारलं, “कोण बाई?”

“सिंहीण,” पंडित म्हणाला. “पूर्वी इथं खरे प्राणी होते. आजोबा सिंहिणीचा खेळ करायचे, तिला ‘बाई’ म्हणायचे. मग प्राण्यांचे खेळ बंद झाले आणि तिला दूर जंगलात नेलं. तिथंच वारली ती. सगळे म्हणतात, ती परत आलीय.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मी काही म्हणत नाही. मी लिहून ठेवतो.” त्यानं वही उघडली. “तीन आठवडे झाले. रोज पावणेचार, पाच मिनिटं इकडे-तिकडे. पण सोमवारी कधीच नाही.”

“भुताला सोमवारी सुट्टी असते?” मुंगीनं डोळे विस्फारले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोमवारी पार्क चालू असायचा, खेळही व्हायचा. मग सुट्टी कोणाला असायची?

“खड्डा खणणाऱ्यांना!” शिट्टी ओरडली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, साडेतीनलाच तिघं पत्र्याच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. खालच्या फटीतून मुंगीनं डोकं आत घातलं.

“खड्ड्यात खूप पाणी साचलंय. मुकादम पंप सुरू करायला सांगतोय... जाड पाइप ओढतायत... अगं ताई, तो पाइप नाल्याकडे नेतच नाहीयेत! रंगमंचाकडच्या बाजूला खड्ड्याच्या भिंतीत एक भगदाड आहे, विटांची कमान असल्यासारखं. त्याच्यात खुपसला! पाणी सगळं आत चाललंय!”

पंप घरघरू लागला. पंडितनं घड्याळावर नजर रोखली. पंधरा मिनिटं. आणि रंगमंचाकडून तो लांब श्वास ऐकू आला. मागोमाग कोणाची तरी किंकाळी.

“नाला पार्कच्या पलीकडे आहे. तिथवर पाइप टाकायचा कंटाळा!” पंडित म्हणाला. “आत पाणी भरतं आणि आतली हवा फटींतून बाहेर ढकलली जाते. श्वास नाही तो!”

“पण पाणी जातं कुठं?” शिट्टीनं विचारलं, आणि तिचं तिलाच उत्तर सुचलं. रंगमंचाखाली!

मुलं मॅनेजरसाहेबांकडे धावली. साहेबांनी त्यांचं बोलणं एका कानानं ऐकलं. दुसऱ्या कानाला फोन होता. मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, “पाइप नाल्यातच सोडलाय साहेब!”

“ऐकलंत? जा, खेळा आता. उद्यापर्यंत मला मान वर करायला वेळ नाही.”

मग मुलं आजोबांकडे गेली. पंडितनं सोमवारची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तसा आजोबांचा चेहरा कठीण झाला.

“पुरे. एवढ्या वर्षांनी ती आलीय. तिला त्रास देऊ नका.”

“आजोबा, ती नाही हो, ते पाणी—”

“पुरे म्हटलं ना!” त्यांचा आवाज कापला. मग तेच सांगू लागले. “पिंजऱ्यापासून मंचापर्यंत जमिनीखालून विटांचा रस्ता होता. रोज मी पुढं, ती मागं. तिला न्यायला पहाटे गाडी आली, त्या दिवशी मी घरातच बसून राहिलो. बघवलं नसतं मला. ती किती वेळ त्या रस्त्याच्या दाराशी उभी होती म्हणे. मग सांगा, येणार नाही का ती?”

मुंगीनं आजोबांच्या सदऱ्याची बाही नुसती धरून ठेवली.

रात्रभर विचार करून शिट्टीनं सकाळी मावशीला विचारलं, “वाघाच्या कातड्याला लावतेस तो नारिंगी रंग मला देतेस? दोन पुड्या.”

“कशाला?”

“मोठी माणसं ऐकत नाहीत. रंग दिसला तर बघतील तरी.”

मावशीनं सुई थांबवून तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पुड्या काढून दिल्या. “कपड्यांवर सांडू नकोस.”

रविवारी पाहुण्यांना खड्डा कोरडा दिसावा म्हणून मुकादमानं एकाऐवजी दोन पंप लावले होते. साडेतीनला माणसं पंपाशी वाकलेली बघून मुंगी फटीतून आत सरकली, भगदाडात दोन्ही पुड्या रिकाम्या करून परत आली. तिची बोटं वाघासारखी नारिंगी झाली होती.

तिघं धावत रंगमंचामागे आली. आजोबा दोरखंडाशी होते. पावणेचार झाले. आज श्वास आला तो नेहमीसारखा नव्हता. तो संपेचना. घोगरा, गुळगुळता, मध्येच अडखळणारा. आणि त्याखाली कुठंतरी लाकूड कण्हल्यासारखा आवाज.

आजोबांचा हात दोरखंडावरून सुटला. “असा आवाज ती कधीच काढायची नाही,” ते पुटपुटले.

त्यांनी डाव्या कोपऱ्यातल्या फळ्यांवरची सतरंजी बाजूला केली. खाली लोखंडी कडी होती. कितीतरी वर्षांत न उघडलेलं झाकण त्यांनी दोन्ही हातांनी उचललं. पंडितनं विजेरी मारली.

खाली नारिंगी पाणी हेलकावत होतं! आणि त्या पाण्यात मंचाचा मोठा खांब तिरका झाला होता. त्याच्या बुडाची माती वाहून गेली होती. बघता बघता तो आणखी बोटभर कलला.

“बाई नाही,” आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. “पोरांनो, मंच रिकामा करा!”

पण पडद्यापुढं चाळीस बदकं रांगेत उभी राहिली होती! समोर पाहुण्यांनी खुर्च्या भरल्या होत्या आणि मॅनेजरसाहेब माईकपाशी गेले होते. पंडित धावत त्यांच्यापाशी पोहोचला.

“साहेब, खांब कललाय! खाली येऊन बघा!”

साहेबांनी माईकवर हात ठेवला. “आज नको! पाहुणे बसलेत! जे काय असेल ते खेळ झाल्यावर!” आणि ते भाषण करू लागले, “मित्रहो, आपल्या पार्कच्या भविष्यातला हा एक मोठा दिवस...”

“ओरडू या? ‘पळा’ म्हणून?” मुंगी रडवेली झाली.

“नको! सगळी एकदम पळाली तर फळ्या तिथंच बसतील,” परत आलेला पंडित म्हणाला.

शिट्टीनं इकडं-तिकडं पाहिलं. सिंहिणीचा पोशाख खुर्चीवर पडला होता. नाचणारी मुलगी अजून केस बांधत होती आणि मावशी तिच्यासाठी खोळंबली होती. “मावशी, चढव!” शिट्टी म्हणाली. मावशीनं झाकणाखाली एकदा डोकावून पाहिलं आणि मिनिटभरात तिच्या पाठीची चेन ओढली.

पडद्याच्या कडेनं सिंहीण मंचावर आली. पाय हलके टाकत, अगदी मांजरीसारखी. मुखवटा काखेत धरून तिनं दोन बोटं तोंडात घातली. अशी शिट्टी वाजली की साहेबांचं वाक्य अर्धवटच राहिलं.

“बदकांनोऽऽ! आज खेळ मैदानात! उजवीकडच्या पायरीवरून, एकामागे एक, चवड्यांवर! ज्याच्या पायाचा आवाज होईल तो बाद!”

बदकं खूश झाली! चाळीस बदकं चोचींवर बोट ठेवून, चवड्यांवर, सिंहिणीच्या मागून उतरू लागली. मुंगी शेवटी राहून मोजत होती. “अडतीस... एकोणचाळीस...” एक छोटं बदक चोच पडली म्हणून मागे वळलं. मुंगीनं त्याला सरळ काखोटीला मारलं. “चाळीस!”

“खुर्च्यांवरच्यांनीही यायचंय बरं का!” खालून पंडित हात हलवत होता. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. हसत-हसत सगळे उठले.

“ए! ए मुली! थांब! कोणी सांगितलं तुला हे?” साहेब तावातावानं पायऱ्या उतरून सिंहिणीच्या मागे धावले. त्यांच्यामागून मावशी, अस्वलकाका, बाकीचे कलाकार आणि सर्वांत शेवटी आजोबा उतरले.

आजोबांचा पाय जमिनीला लागला आणि मागे एक खोल, दमलेला आवाज झाला. मंचाचा डावा भाग सावकाश आत गेला. पडदा दोरखंडासकट खाली ओढला गेला. फळ्यांमधून नारिंगी पाणी उसळून वर आलं. माईक शेवटचं एकदा कर्कश किंचाळला आणि बुडाला.

मैदानावरून एका बदकानं विचारलं, “आता आपण बाद का?”

साहेब मटकन गवतावर बसले. जिथं दोन मिनिटांपूर्वी ते उभे होते, तिथं आता पाणी गरगरत होतं. पाण्याचा रंग बघून मुकादमानं मान खाली घातली. कोणी विचारायच्या आधीच तो म्हणाला, “माझी चूक झाली साहेब. पाइप नाल्यात नव्हता.”

“आणि माझी त्याहून मोठी,” साहेब म्हणाले. “ही पोरं माझ्यासमोर उभी होती आणि मी फोनवर बोलत होतो.” ते उठले आणि तिघांपुढं त्यांनी चक्क हात जोडले. “चाळीस घरांवर तुमचे उपकार आहेत. विस्ताराचं काम आज थांबलं. जमीन नीट तपासल्याशिवाय इथं एक वीटही लागणार नाही.”

बदकांचे आईवडील मुलांना छातीशी धरत होते. एका पाहुण्या आजींनी मुंगीची नारिंगी बोटं हातात घेऊन तिच्या गालावरून हात फिरवला. मावशीनं शिट्टीला जवळ ओढलं. तिच्याकडून शाबासकी मिळाली, पण आधी पाठीत एक धपाटा बसला. “पुन्हा असा जीव धोक्यात घातलास तर याद राख!” म्हणाली आणि मुखवट्याच्या केसांत तोंड खुपसून रडली.

सुट्टी संपायला दोन दिवस उरले असताना जमिनीखालचा रस्ता पूर्ण कोरडा झाला. तपासणी करणाऱ्या अभियंताबाईंनी तो सुरक्षित असल्याचं सांगितल्यावर आजोबा मुलांना घेऊन आत उतरले. विटांची बुटकी कमान, ओलसर गारवा, आणि अजूनही तो उग्र वास. चालता चालता मागून कोणीतरी येतंय असं वाटायचं, पण वळून पाहिलं तर नुसता अंधार.

रस्त्याच्या टोकाला, जुन्या पिंजऱ्याच्या बाजूला, लोखंडी पट्ट्यांचं लाकडी दार होतं. विजेरीच्या उजेडात लाकडावर ओरखडे दिसले. वरपासून खालपर्यंत, शेकडो. जुन्या ओरखड्यांवर नवे उमटलेले.

पंडितचा हात वहीकडे गेला आणि तसाच थांबला.

“ती रागावली असेल का हो?” मुंगीनं कुजबुजत विचारलं.

“कुणाला ठाऊक,” आजोबा म्हणाले. “मी विचारायला आलोच नव्हतो.” ते हळूहळू खाली बसले आणि त्यांनी तळहात त्या लाकडावर टेकवला.

शिट्टीनं दोघांना खुणावलं. तिघं परत फिरून कमानीच्या तोंडाशी आली आणि आत पाठ करून उभी राहिली. आतून आजोबांचा आवाज येत होता, अगदी हलका, शब्द न कळणारा. मध्येच थांबायचा, जणू समोरच्याचं ऐकून घेतोय, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

नव्या आराखड्याची गुंडाळी घेऊन मॅनेजरसाहेब लगबगीनं आले. “आजोबा आहेत का आत? मला त्यांना लगेच—”

“थांबा साहेब,” शिट्टी हळूच म्हणाली. “आत बोलणं चाललंय.”

साहेबांनी तोंड उघडलं. मग आतला आवाज त्यांनाही ऐकू आला. खिशातला फोन काढून त्यांनी बंद केला, गुंडाळी काखेत धरली आणि मुलांच्या शेजारी गप्प उभे राहिले.