उद्याची टोपली

कागदांचा ढीग कलंडला तेव्हा चारुशीलानं हात पुढे केलाच नाही. पडू दे, असं तिला वाटलं. पण टेबलापलीकडून दोन तळवे आले आणि ढीग अधांतरीच थांबला... तळव्यांना ताज्या गुळाचा वास होता.

“बाई, ह्यो डोंगर एकटीनंच चढायचा हाय व्हय?” खाकी कपड्यातला तरुण विचारत होता.

“तुमचाही अर्जच ना? वर ठेवा. खाली गेला तर माझ्या नातवंडांना सापडेल.”

“आदी लगीन तरी हुं द्या.”

तिनं पहिल्यांदा मान वर केली.

लढाई सुरू झाल्यापासून साताऱ्याच्या त्या कचेरीत शिपायांच्या घरच्यांचे अर्ज येत. कुणाची मनिऑर्डर थांबलेली, कुणाला मुलाचा ठावठिकाणा हवा. चारुशीला सांगलीची; मामाकडे राहून तिथे कारकुनी करी. एक कागद उचलायचा, निम्मा वाचून ठेवायचा, दुसरा उचलायचा... संध्याकाळी ढीग तेवढाच. घरी घास घशाखाली उतरत नसे. नोकरी सोडावी, तर सांगलीला वडील स्थळं घेऊन बसलेलेच.

तरुणाचं नाव लालासाहेब. जवळच्या लिंबचा, सिग्नल पलटणीतला नाईक. थोरल्या भावाचा पाय गाडीच्या चाकाखाली मोडला होता आणि ऊस तोडणीला उभा होता. रजा महिनाभर वाढावी म्हणून त्याला कचेरीचा दाखला हवा होता. नाही वाढली, तर पुन्हा ब्रह्मदेशाची आघाडी.

“आमच्याकडं तारा येत्यात,” तो म्हणाला, “समद्यांवर तातडीचं म्हनूनच लिवलेलं. मग आमी येकच बघतो – आज न्हाई केलं तर कुनाचं अडंल? त्येवढंच आज. बाकीचं उद्या. आन हातात धरलेला कागद संपवल्याबिगर खाली ठेवायचा न्हाई.”

“आणि उद्याचं उद्या वाढलं तर?”

“तर उद्या रडा की. आज कशापायी?”

तिनं दोन टोपल्या मागवल्या. एक आजची, एक उद्याची. ज्यांच्या घरची चूल थांबली होती, त्यांचे कागद आधी निघू लागले. लालासाहेब रोज सायकल मारत यायचा. कधी काकवीची बाटली घेऊन, कधी रिकाम्या हातानं.

“झालं का?” तो विचारी.

“उद्या,” ती म्हणे. आणि दोघंही हसत.

ढीग उतरला. घास गोड लागू लागला. फक्त एक कागद ती रोज आजच्या टोपलीतून काढून उद्याच्या टोपलीत ठेवी. साहेबांची सही झाली की दाखला मिळेल; दाखला मिळाला की त्याचं येणं थांबेल. अजून एकच दिवस...

मग एका सकाळी पट्टेवाला केरबा सांगून गेला – साहेब म्हसवडकडे दौऱ्यावर गेलेत, आठवडाभर सही नाही. लालासाहेबाची रजा त्याआधीच संपत होती.

तो आला तेव्हा तिनं कागद समोर ठेवला.

“तुमचा अर्ज मी अडवला. मुद्दाम. तुम्ही रोज यावं म्हणून.” ती खालीच बघत होती. “दुसऱ्या कुणाची सही चालत नाही. सगळ्यांना विचारून आले.”

त्यानं कागदावरून बोट फिरवलं. मग हलकेच म्हणाला, “टोपलीत दिसायचा की मला. येक डाव बोललो असतो तर झालं असतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं आलो असतो?”

तिला हसू यायला हवं होतं. पण भावाचा मोडका पाय, उभा ऊस, ती दूरची आघाडी... आणि दोघांनी मिळून हे सगळं चार सकाळींवर ओवाळून टाकलं होतं.

“फाडू का हा?”

“नगं. ऱ्हाऊ दे उद्याच्या टोपलीत.” त्यानं टोपी चढवली. आजवर तो तिला बाईच म्हणत आला होता. “उद्या कवातरी येईलच की, चारुशीला.”

सायकल किल्ल्याच्या वळणाआड गेली. केरबानं नव्या टपालाची थैली टेबलावर ओतली. तिनं पहिला कागद उचलला, शेवटपर्यंत वाचला, निकालात काढला. मग दुसरा. त्यानं शिकवलेल्या रीतीत काहीच चुकत नव्हतं. दिवेलागणीला दोन्ही टोपल्या रिकाम्या झाल्या –

एक कागद सोडून.