लंगडीच्या पुढची चाकोरी

पुढे मी दोन ट्रॅक्टर घेतले, एक जीप घेतली. पण गाडी म्हटलं की मला आठवते ती लंगडीच. लढाई संपल्यावर लष्करानं देवळालीला लिलावात काढलेली ती पिकप गाडी होती. १९५३ साली मी ती घरी आणली, तेव्हा तिला चालवणाऱ्याच्या बाजूचं दार नव्हतं. त्या जागी मी दोर बांधला. पायाखालच्या पत्र्याला बशीएवढं भोक होतं, त्यातून खालचा रस्ता पळताना दिसायचा. मागचा डावा स्प्रिंगचा पाटा तुटलेला असल्यामुळे गाडी कायम एका अंगावर झुकून चालायची, म्हणून गावानं तिचं बारसं केलं, लंगडी. सकाळी हँडल मारायला लागलो की अर्धा गाव ओट्यावर येऊन बसायचा. माझी आई तापीबाई तर पहिल्याच दिवशी म्हणाली, "घरनं व्हयनं थोडं, न् याहीनी धाडं घोडं!"

हसणारे हसोत. मी गाडी हौसेनं घेतली नव्हती. आमचं गाव तापीच्या उत्तर काठावर, आणि दवाखाना नंदुरबारला, म्हणजे नदीच्या पल्याड. पूल नव्हता. बावन्न साली माझ्या बायकोला, प्रमिलाला, बाळंतपणासाठी बैलगाडीतून न्यावं लागलं. गाडी वाळूत रुतली आणि नदीच्या मधोमध बाळ जन्मलं. रडलंच नाही. नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की, पुढच्या वेळी कळा सुरू झाल्यापासून तीन तासांत हिला माझ्या टेबलावर आणा. उशीर झाला तर ही वाचायची नाही. त्यांचे ते शब्द माझ्या कानांत बसले होते. पुढच्याच वर्षी लंगडी घरी आली.

आता नदी कशी ओलांडायची, ते सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. पावसाळ्यानंतर तापी उतरली की पात्रात मैलभर वाळू उघडी पडते. मधून गुडघाभर पाण्याच्या दोन धारा वाहतात. वरून सगळी वाळू सारखीच दिसते, पण कुठे ती फरशीसारखी घट्ट असते, कुठे बैलजोडी गिळेल एवढी पोकळ. दलसिंग नावाचा भिल्ल दरवर्षी कार्तिकात हातात बांबू घेऊन पात्र तपासायचा आणि घट्ट वाळूवर झाऊच्या झुडपाच्या फांद्या रोवायचा. एकदा एक गाडी पार झाली की बाकीचे सगळे तिच्या चाकोरीत चाकं घालायचे. पहिला कुठून गेला तेवढं बघायचं आणि मुकाट मागे जायचं, हीच आमच्याकडची रीत.

पंचावन्नच्या मार्गशीर्षात नदी मध्येच एकदा चढली आणि दलसिंगच्या फांद्या वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी केळीचे घड भरून काठावर आलो. धुकं होतं. दलसिंग शेकोटीपाशी बसला होता. मला बघून तो उठून उभाच राहिला.

"लोटनभाऊ, आत्ते ते तू गया ना पल्याड? वापस कव्हय उना?"

"धुई शे, दलसिंग. तुले भास व्हयना व्हई," मी म्हणालो.

खाली उतरलो तर वाळूवर ताजी चाकोरी. दाबलेल्या वाळूत पाणी अजून पाझरत होतं. गाडी जाऊन पाच मिनिटंही झाली नसतील. आमच्या पंचक्रोशीत तेव्हा दुसरी मोटारगाडी नव्हती. मी उतरून वाकलो. लंगडीच्या मागच्या उजव्या टायरला आतून जाड रबराचा तुकडा घालून चार बोल्ट मारलेले होते. त्या बोल्टांच्या डोक्यांचा ठसा दर सहा हातांवर उमटला होता. मी त्या चाकोरीतून गेलो, कुठेही न अडकता. पल्याड रस्त्याच्या मुरमाला चाकोरी लागली आणि दिसेनाशी झाली.

मी मॅट्रिक झालेला माणूस. भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला झोप येते. म्हणून मी मोजमाप केलं. सुतळीनं दोन चाकांमधलं अंतर घेतलं, ते तंतोतंत जुळलं. मग खोली बघितली. ज्या दिवशी गाडी भरलेली, त्या दिवशी पुढची चाकोरी चार बोटं खोल. ज्या दिवशी रिकामी, त्या दिवशी दोन. एकदा मुद्दाम अर्धाच माल भरला, तर चाकोरी तीन बोटं. म्हणजे हे कालचे ठसे नव्हते, आजचेच होते.

खुलासा काही सापडला नाही. मला त्याची गरजही वाटली नाही. दोन हंगाम मी त्या चाकोरीतून ये-जा केली आणि एकदाही रुतलो नाही. रनाळ्यापर्यंत बोलबाला झाला की लोटनची खटारी वाळूवर नाव चालावी तशी चालते. मी मिशीला पीळ देऊन ऐकायचो. खोटं कशाला सांगू, मला त्या गाडीचा गर्व होता. स्वच्छ सकाळी पाण्याच्या धारेतून तिला घालायची, पायाखालच्या भोकातून गार तुषार पिंढरीवर उडायचे, मागच्या हौद्यात केळीच्या पानांचा हिरवा वास. राजा झाल्यासारखं वाटायचं.

एकदाच थोडं विचित्र घडलं. चाकोरी पहिल्या धारेअलीकडे थांबलेली दिसली. तिथे बुटांचे ठसे उतरले होते. मागच्या डाव्या चाकाभोवती फिरले होते, गुडघा टेकल्याची खूण होती, आणि मग चाकोरी पुन्हा पुढे निघाली होती. मी ते बघत बघत गाडी हाकत होतो, तेवढ्यात फस्स असा आवाज झाला. डावं चाक बसलं. बरोबर त्याच जागी. मी उतरलो, गुडघा टेकून चाक बदललं आणि उठल्यावर खाली पाहिलं. माझे बूट त्या ठशांत अगदी चपखल बसले होते.

घरी आल्यावर प्रमिलाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"तुम्हना म्होरे कोन चालस, ते कधी इचारं का तुम्ही?"

"मीच चालस," मी हसत म्हणालो.

ती हसली नाही. "मंग तठे मीबी व्हसू," एवढंच बोलली आणि भाकरी तव्यावर टाकली. म्हणजे तिथे मी पण असेन. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

अठ्ठावन्नच्या पौषात तिचे दिवस भरले. मी तयारीत होतो. पेट्रोल भरून ठेवलेलं, हौद्यात कापसाची गादी, वर ताडपत्री. पहाटे कळा सुरू झाल्या, तांबडं फुटताच आम्ही निघालो. मागे आईनं प्रमिलाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. घराला कुलूप घालून किल्ली आईनं कमरेला खोचली. नदीला सात मिनिटं, पात्राला वीस, पुढे नंदुरबारपर्यंत तास. मी मनात हिशेब करून बसलो होतो. तीन तासांत मी दोनदा पोचलो असतो!

काठावर धुकं दाट होतं. शेकोटी जळत होती, पण दलसिंग दिसला नाही. खाली चाकोरी तयार होती. मला हायसं वाटलं. मी तिच्यात चाकं घातली आणि लंगडीला सोडलं.

पहिली धार ओलांडली. पात्राच्या मध्यावर काळा खडक येतो, तिथे चाकोरी थांबली होती.

बुटांचे ठसे उतरले होते. हौद्याकडे गेले होते. तिथे पुष्कळ वेळ कोणी उभं राहिलं असावं, वाळू तुडवली गेली होती. बाजूला अनवाणी पावलं होती, म्हाताऱ्या बाईची, टाच फाकलेली. आणि वाळूत एक गोल खळगा, कोणी मटकन बसल्यासारखा.

तिथून चाकोरी वळली होती. मोठं वळण घेऊन ती माघारी, गावाकडे गेली होती.

मी ब्रेक दाबला.

दवाखान्याच्या वाटेवरून माणूस गावाकडे कधी वळतो, हे सांगायला मला मॅट्रिक व्हायची गरज नव्हती.

"गाडी का बरं थांबाडी?" मागून प्रमिलाचा आवाज आला. बारीक, पण तिचाच.

आयुष्यात मी एवढा कधीच घाबरलो नव्हतो.

"लोटन!" आई ओरडली. "खाले उतर! हिले देख रे, ही डोळा फिरवी ऱ्हायनी! उतर लवकर!"

माझा पाय दोराच्या खालून बाहेर निघाला होता. खाली वाळूवर बुटाचा पहिला ठसा होता. माझा पाय त्याच्यापासून वीतभर वर.

मी पाय आत घेतला.

"मी उतराव नही, माय."

"अरे, तुन्ही बायको मरी ऱ्हायनी!"

"मी उतराव नही!"

गिअर टाकला आणि डावीकडे वळवलं. चाकोरी सोडून.

तिथे कोणाचंच चाक कधी गेलं नव्हतं. पुढची चाकं बसली. पायाखालच्या भोकातून वाळू आणि पाणी वर आलं. लंगडी एका अंगावर इतकी झुकली की मागे दोघी किंचाळल्या. मी तिला शिव्या दिल्या, मग हात जोडल्यासारखं बोललो, चल माझे माय, आज चल. तिनं दातखीळ सुटावी तसा एक हिसका दिला आणि निघाली.

पल्याडच्या मुरमावर चाकं लागली तेव्हा मी रडत होतो. मागे प्रमिला कण्हत होती, आणि तो आवाज मला गोड लागत होता.

साडेनवाला नंदुरबारात मुलगा झाला. रेवजी. डॉक्टरीणबाई घाम पुसत म्हणाल्या, "पाच मिनिटं जास्त लागली असती, तर दोघंही गेली असती." मी दवाखान्याच्या आवारात जाऊन लंगडीच्या बॉनेटवर डोकं टेकवलं. येणारे-जाणारे बघत होते, बघोत. माझ्या हातून काही मोठं झालं होतं, आणि ते माझं मला ठाऊक होतं.

आईनं सुनेच्या उशाशी मुक्काम ठोकला. मी बाहेर गाडीतच झोपायचो. दहाव्या दिवशी बाईंनी सोडलं. दुपारचं ऊन चांगलं होतं, नदी शांत होती. वाळूवर आमच्यापुढे कसलीही चाकोरी नव्हती. त्यानंतरही कधी दिसली नाही.

काठावर दलसिंग होता. मी गाडी थांबवून ओरडलो, "दलसिंग, पोऱ्या व्हयना!"

तो आला, पण चार हातांवरच थांबला. आधी माझ्याकडे, मग हौद्यात मूल घेऊन बसलेल्या प्रमिलाकडे बघत राहिला.

"त्या दिन तू वापस उना," तो हळूच म्हणाला. "मी आठेच, काठवर व्हतू. तुन्ही माय रडत व्हती. मी हात जोडात."

"मी वापस उनाच नही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. माझं म्हणणं पटलं म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. मी गाडी पुढे काढली.

घर तसंच होतं. कुलूप गंजलेलं, पण धड. शेजारचा सुकलाल आमच्या गोठ्यात गुरांना वैरण टाकून गेला होता, घराकडे तो फिरकलाही नव्हता. आईनं कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं, आत पाऊल टाकलं आणि चौकटीला धरून थांबली.

माजघर शेणानं नुकतंच सारवलेलं होतं. मधोमध एक टोपलं पालथं घातलेलं होतं.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्याला जिथे ठेवलं होतं तिथे पीठ पसरतात, त्यावर दिवा ठेवतात आणि वर टोपलं झाकतात. तेरा दिवस दिवा विझू देत नाहीत. हे काम घरातली बाई करते.

मी पुढे झालो आणि टोपलं उचललं.

दिवा जळत होता. तेल काठोकाठ होतं.

आई भिंतीला टेकून खाली बसली. मी दिव्यावर फुंकर घालायला वाकलो, तेवढ्यात प्रमिला माझ्या बाजूनं आत आली. रेवजी तिच्या खांद्यावर झोपला होता. ती दिव्यापाशी उकिडवी बसली, बोटानं वात जरा पुढे सारली आणि तेलकट बोट सवयीनं केसांना पुसलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आजून तीन दिन बाकी शेतस."