पाव लिटर श्वास

गाडीच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून हवा कुठून सोडायची, हे ठरवणं म्हणजे शिरीषचं जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यातलं काम. आणि त्याच्याच घरात लेकीच्या खोलीची खिडकी रोज सकाळी पाझरत होती! ऑफिसात सांगायचीही चोरी.

२००५चा जानेवारी होता. सहा वर्षांच्या मैथिलीची छाती वाजायला लागली होती. खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरलेली. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, खोली कोरडी करा, नाहीतर पोरीला हॉस्पिटलात ठेवावं लागेल.

"लुफ्टन!" घरमालकीण फ्राऊ लेमान यांनी त्याला जिन्यातच गाठलं. "सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडा. रात्रीचा श्वास घरात साठवायचा नसतो."

चूक होतीच. पोरीला गार वारं लागेल म्हणून त्याच्या बायकोनं, चारुलतानं अख्खा डिसेंबर तिची खिडकी उघडली नव्हती. वर हीटरवर ओले कपडे वाळत घातलेले. शिरीषनं कपडे तळघरात हलवले, रोज दोनदा खिडक्या उघडल्या. हवेतला ओलावा मोजणाऱ्या हायग्रोमीटरचा काटा चाळीस टक्क्यांवर उतरायचा, आणि खिडकी लावल्यावर अर्ध्या तासात पंच्याऐंशी! बाकीचं घर कोरडं. प्लंबरनं पाइप तपासले, एकही गळत नव्हता.

शेवटी त्यानं हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र आणलं, रात्रभर मैथिलीच्या खोलीत लावलं आणि सकाळी टाकीतलं पाणी मोजलं. एक लिटर. दुसऱ्या दिवशी एक लिटर. तिसऱ्या दिवशीही तेवढंच.

शिरीष कागद घेऊन बसला. झोपलेलं मूल रात्रभरात श्वासातून, घामातून साधारण पाव लिटर पाणी सोडतं. त्यानं तीनदा आकडे मांडले आणि कागदाचा बोळा केला.

"काय निघालं हो?" चारुलतानं विचारलं.

"त्या खोलीत चौघं झोपताहेत."

"काहीतरीच काय बोलता सकाळी सकाळी!" ती म्हणाली. पण लगेच उठून तिनं बॅग भरायला घेतली.

त्याच दुपारी ती मैथिलीला घेऊन डार्मश्टाटला मावसबहिणीकडे, सरिताकडे गेली. शिरीषनं रिकाम्या खोलीत यंत्र चालूच ठेवलं.

सकाळी टाकी कोरडी ठाक. काच लख्ख. शिरीषच्या जिवात जीव आला, एकटाच मोठ्यानं हसला तो. त्यानं फोन लावला.

"अगं, इथे थेंब नाही! ती कशी आहे?"

"रात्रभर गाढ झोपली. छाती अजिबात वाजली नाही." चारुलताही हसत होती. "काचेवर जराशी वाफ धरलीय, बाकी काही नाही."

शिरीष हसायचा थांबला. "पुसून टाक."

"पुसतेच आहे. जात नाहीये. अहो, ही बाहेरच्या बाजूनं आहे."

"बाहेरच्या?"

"तीन ठिकाणी. तोंडाएवढे गोल. विरतात आणि पुन्हा उमटतात." तिचा आवाज बारीक झाला. "हा चौथा मजला आहे ना हो?"

मागून सरिता म्हणाली, "सरक गं जरा, लुफ्टन करून घेते."

"चारू, उघडू देऊ नकोस तिला!"

फोनमधून खिडकीची मूठ फिरल्याचा आवाज आला.

मग मैथिली खोकली.