मेमरीची पूजा

“वीरण्णा, पळ! कम्प्युटरात मुंग्या शिरायल्यात!”

पिराजीची आरोळी ऐकून वीरण्णा आणि कमळी डाळ मिलच्या ऑफिसात धावत आले. दसऱ्याची सुट्टी होती आणि मैलूरमधली ही मिल वीरण्णाच्या अज्जांची, म्हणजे आजोबांची, शिवशंकरप्पांची. मग तिघांचा मुक्काम आणखी कुठं असणार! टेबलावरून मुंग्यांची रांग निघाली होती आणि थेट कम्प्युटरच्या पेटीच्या फटीतून आत जात होती.

“आत काय लाडू ठिवलेत का?” वीरण्णा हसला.

कमळी हसली नाही. कालपासून तिला हसूच येत नव्हतं.

काल याच खोलीत सुजाताक्का चोर ठरली होती. सुजाताक्का कमठाण्याची, हैदराबादला कम्प्युटर शिकून मिलमध्ये कामाला लागलेली. मिलचा कम्प्युटर जुना, हिशेब मोठा झाला की हटून बसायचा. म्हणून शिवशंकरप्पांनी जास्तीची मेमरी मागवली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अक्कानं या तिघांसमोर पेटी उघडली आणि जुन्या चिपा काढून नव्या बसवल्या. “झुरळावानी पाय हायत की हिला!” पिराजी म्हणाला होता. मशीन चालू केलं, पडद्यावरचा मेमरीचा आकडा चढत चढत ६४० वर पोचला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग धम्मचक्र दिनासाठी अक्का गावी गेली. परत येऊन बघते तर आकडा अर्ध्यातच अडकलेला!

“नव्या चिपा विकल्या आन् जुन्याच बसवल्या हिनं!” शिवशंकरप्पा सगळ्या हमालांदेखत ओरडले. अक्कानं एकदा कमळीकडं पाहिलं. कमळीनं तो ६४० स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता! पण अज्जांचा आवाज असा चढला होता की तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिघांपैकी कुणीच बोललं नाही. अक्का पिशवी उचलून निघून गेली.

“मुंग्या उगंच जात न्हाईत,” कमळी आता म्हणाली. “आतमधी गोड हाय. कुणीतरी पेटी खोलली व्हती!”

“खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली की,” वीरण्णाला आठवलं. “माणिकराव काकांनी केली.”

“मग त्यांनाच इचारू.”

“खरं सांगतील व्हय? अज्जांना लई भेतात ते.”

“सरळ इचारायचंच न्हाई! वीरण्णा, तू अज्जांना दाराशी आण.”

माणिकराव मिलचे मॅनेजर. जेवून खुर्चीत पेंगत होते. दारामागं अज्जांचं धोतर दिसताच कमळीनं तोंड वाकडं केलं.

“काका, मशीन कोपलंय म्हणं! तुम्ही पूजा निस्ती वरवर केली. नव्या मेमरीला साधं कुंकू बी लावलं न्हाई!”

माणिकराव ताडकन उठून बसले. “कोण म्हणतंय? नवी वस्तू बिनपूजेची ठिवीन मी? पेटी खोलली, एकेक चिप उपसून ताटात मांडली! विभूती, कुंकू, अक्षता, गूळ, सगळं केलं! आन् जागच्या जागी परत बसवल्या!”

“माणिकराव!” दारातून शिवशंकरप्पा गरजले. माणिकरावांची झोप पुरती उडाली.

पेटी उघडली. आत मुंग्याच मुंग्या! कमळीनं वायर काढली, अंगातली वीज उतरावी म्हणून अक्का करायची तसा आधी लोखंडी कपाटाला हात लावला आणि चिपा एकेक करून उचलल्या. दोन चिपांखाली हळदीच्या अक्षता अडकल्या होत्या. त्या चिपांचे पाय खाली टेकलेच नव्हते. खाचांत विभूती भरली होती. कोरड्या ब्रशनं सगळं झाडून तिनं चिपा पुन्हा दाबून बसवल्या.

आकडा चढला. ६४०!

“नव्याच हायत,” शिवशंकरप्पा म्हणाले. “अय्यो, पोरीला काय बोललो मी!”

त्यांनी लगेच जीप काढली. तिघं पोरंही बसली. कमठाण्यात सुजाताक्का अंगणात उडीद पाखडत होती.

“चूक झाली माझी, पोरी. उद्यापासून कामावर ये.”

अक्कानं सूप खाली ठेवलं. “अप्पा, एकदा इचारलं असतं, तर मीच पेटी खोलून दावली असती. कामून इचारलं न्हाई?”

उत्तराची वाट न बघता अक्का पुढं म्हणाली,

“चोर म्हणलात ते मिलभर माणसांत. आन् चूक झाली म्हणायलात ते माझ्या अंगणात. मी येत न्हाई.”

कमळीला रडू कोसळलं. “अक्का, मी तवाच बोलाया पायजे व्हतं!”

“व्हय,” अक्का म्हणाली. तिनं पदरानं कमळीचे डोळे पुसले, पण ‘असू दे’ म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी शिवशंकरप्पांनी मिल बंद ठेवली आणि कमठाण्याला निरोप धाडला. हमाल, ड्रायव्हर, डाळ निवडणाऱ्या बाया, सगळ्यांसमोर उभं राहून ते म्हणाले, “चोरी झालीच नव्हती. सुजाता खरी, मी खोटा.” मग त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. “शाब्बास, पोरांनो! वाघ हाव तुम्ही!” टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले.

फाटकाशी अक्काचे वडील, हरिबा, उभे होते. कमळी पेढा घेऊन त्यांच्याकडं धावली.

“काका, अक्का न्हाई आली?”

“न्हाई. तिनं ऐकायचं ते मी ऐकलं. सांगतो घरी जाऊन,” हरिबा म्हणाले. त्यांनी कमळीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पेढा न घेताच ते बसच्या रस्त्याला लागले.