‘बरं आहे’ म्हणायचं नाही

“हात वर करा.”

तिनं दचकून मागे पाहिलं. दारात एक उंच तरुण उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्यावर टॉवेल, आणि चेहऱ्यावर असा भाव, की हिनं ऐकलं नाही तर तो स्वतः येऊन हात वर करील.

“मी... मी पेशंट नाहीये.”

“सगळे आधी असंच म्हणतात. उजवा हात. वर.”

का कोण जाणे, तिनं हात उचलला. निम्म्यावर गेला आणि अडला. तोंडातून नकळत ‘स्स्’ निघालं.

“आखडलाय. दिवसभर मान खाली घालून आकडेमोड करता की काय?”

“तेच करते,” ती म्हणाली आणि गळ्यातलं ओळखपत्र तिनं त्याच्यासमोर धरलं. “आरोग्य खात्यानं आमच्या संस्थेला काम दिलंय. तुमच्या खोलीसारख्या खोल्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, त्याचा अभ्यास.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा ओसरलं. मग त्यानं टॉवेल झटकून एक खुर्ची पुसली.

“बसा मग. पण पाठ ताठ ठेवून.”

खोली लहान रुग्णालयाच्या मागच्या अंगाला होती. सांधे शेकायच्या गरम मेणाचा वास, खिडकीतून येणारं तिरपं ऊन, धरून चालायला दोन समांतर दांडे, आणि भिंतीवर एक अरुंद लाकडी शिडी. ती पायांनी चढायची नव्हे, बोटांनी. एकेक पायरी, खांदा मोकळा होईस्तोवर. अर्धांगाचा झटका येऊन गेलेली माणसं इथे पुन्हा उभं राहायला शिकत. तो त्यांचा फिजिओ. सगळे त्याला डॉक्टरच म्हणत.

खात्याकडे पैसा एकच होता आणि वाटा दोन. एक तर गावोगावच्या अशा खोल्या चालवायच्या, नाहीतर त्या बंद करून मोठ्या रुग्णालयात नवी यंत्रं आणायची. तेवढ्याच पैशांत कुठे जास्त माणसं जास्त सावरतात, हे शोधणं हे तिचं काम. लोकांना ते कोरडं वाटे. तिला नाही. वडिलांच्या आजारपणात घरचं सगळं भलत्याच उपचारांवर वाहून गेलेलं तिनं पाहिलं होतं. तेव्हाच तिनं मनाशी पक्कं केलं होतं... आंधळेपणानं पैसा खर्च होऊ द्यायचा नाही. आपल्या घरातही नाही, सरकारातही नाही.

ती रोज येऊ लागली. प्रत्येक नव्या पेशंटला तेच साधे प्रश्न विचारी. चालता येतं का, अंघोळ आपली आपण करता का, नेहमीची कामं, दुखणं, मन. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. मधल्या वेळात कोपऱ्यात बसून, कोणाला किती वेळ लागतो ते पाही.

“आज माझ्यावर किती वेळ नजर ठेवणार?” तो विचारी.

“तुमच्यावर नाही. तुमच्या वेळेवर.”

“मग मघापासून घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत ते?”

ती घाईघाईनं घड्याळाकडे पाही, आणि झटक्यातून सावरणारे, दांड्यांना धरून उभे असलेले शिंपीकाका खुदकन हसत.

निघताना मात्र तो तिला सोडत नसे. “खोलीत बसल्याचं भाडं,” म्हणत शिडीपाशी उभं करी. तिची बोटं एकेक पायरी चढत. तो शेजारी उभा राही. स्पर्श न करता, पण इतक्या जवळ, की मेणाचा वास घरापर्यंत तिच्यासोबत येई.

घरी वहिनीच्या नाकाला तो आधी कळला.

“कुठलं अत्तर म्हणायचं हे?”

“अत्तर कसलं! मेण आहे. फिजिओच्या खोलीतलं.”

“अस्सं... म्हणजे आमच्या वन्सं विरघळायला लागल्या तर!”

“वहिनी, पुरे हं!” ती म्हणाली खरी, पण कान लाल झाले ते झालेच.

...आणि मग आकडे आले.

तिनं ते पुन्हा पुन्हा तपासले. त्याच्या खोलीतली माणसं जवळजवळ सुधारतच नव्हती. काही तर कागदावर आधीपेक्षा वाईट दिसत होती. खोली बंद करा, असंच ते आकडे सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ती शेवटची म्हणून खोलीत गेली. निकाल समितीपुढे जाईपर्यंत बोलायचा नाही, असा संस्थेचा दंडक होता. तिनं तोंड घट्ट मिटलं होतं.

“खांदा कसा आहे?” त्यानं विचारलं.

“बरा आहे.”

“हे उत्तर मी ऐकतच नाही. बोटं शिडीवर ठेवा.”

बोटं मधल्या पायरीवरच अडली. तिनं ओठ चावला.

“बघा! बरं आहे म्हणायची सवयच असते आपल्याला. परक्यानं चौकशी केली तर कोण रडगाणं गातं?” तो शिंपीकाकांकडे पाहून हसला. “हे काका पहिल्या दिवशी काय म्हणाले माहितेय? बायकोनं मागून धरलं होतं म्हणून उभे होते, आणि म्हणे, एकदम मजेत! आता जीभ सैल झालीय, तर इथे दुखतं, तिथे दुखतं, डॉक्टर, तुम्ही चांगले नाही.”

“नाहीच आहात चांगले,” शिंपीकाका म्हणाले आणि स्वतःच्या पायांनी दारापर्यंत गेले.

ती त्यांच्या पाठीकडे पाहतच राहिली. तो पहिला दिवस तिला लख्ख आठवला. तिनंही विचारलं होतं. त्यांनी मान डोलावून सांगितलं होतं, ‘काही त्रास नाही, ताई.’ आणि तिनं ते तसंच्या तसं लिहून घेतलं होतं! पाहुणी म्हणून त्यांनी राखलेला मान तिनं तब्येत समजून मोजला होता. आणि ओळख झाल्यावर केलेल्या खऱ्या तक्रारी बिघाड म्हणून. एकट्या काकांचं नव्हे, सगळ्यांचं असंच झालं असणार.

“काय झालं?” त्यानं हळूच विचारलं.

“माझी चूक सापडली,” ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघालीसुद्धा.

संस्थेतल्या मोठ्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे विचारून नाही, करवून पाहायचं. खुर्चीतून उठा, पेल्यात पाणी ओता, दारापर्यंत चाला. सगळ्या गावांत, आणि मोठ्या रुग्णालयातही. नव्यानं करा.”

“मॅडम... मी नाही करणार. दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“का?”

“उत्तर काय यावं, ते मला आता वाटायला लागलंय.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “खोलीमुळे, की खोलीतल्या माणसामुळे?”

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली. मॅडमना तेवढं पुरलं.

“अहवालावर तुझं नाव येणार नाही मग. इतक्या दिवसांची मेहनत आहे तुझी.”

“न येईना का. पण अहवालावर कुणाला बोट ठेवता येता कामा नये.”

त्या संध्याकाळी रुग्णालयाच्या फाटकाशी बारीक भुरभुर चालू होती. तिनं छत्री उघडली नाही. त्यानं आपली तिच्यावर धरली.

“मोजणी आता दुसरं कुणी नव्यानं करील. निर्णय होईपर्यंत मी येणार नाही,” ती म्हणाली. “फोनही नाही.”

“आणि खांदा?”

“घरची भिंत आहे.”

“आकडे विरोधात गेले तर?”

तिनं मान वर केली. “तर खोली बंद व्हायला हवी. ते पैसे दुसरीकडे कुणाला तरी उभं करतील. तुमच्यासाठी मी आकडा वाकवला, तर कुणाचा तरी उपचार कापला जाईल... आणि त्याचा चेहरा मला दिसणारही नाही.”

त्यानं छत्री आणखी तिच्याकडे झुकवली. छत्रीवर थेंब वाजत राहिले.

“रागावलात?”

“नाही हो. इतकी ताठ माणसं माझ्याकडे येतच नाहीत. त्यांना काय व्यायाम द्यायचा, तेच कळेना.”

ती हसली. मग वळून चालू लागली, आणि मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर पाऊल उचललं नसतं.

नेम तिनं मोडला नाही. सकाळी उठून भिंतीशी उभी राही, बोटांनी वर वर चढे. वहिनी रंग खराब होतो म्हणून कुरकुरे, आणि मग स्वतःच तिथलं कपाट सरकवून जागा करून देई.

एकदा, एकदाच, तो बाजारातल्या रस्त्यापलीकडे दिसला. दोघंही थबकले. मधून गाड्या जात होत्या. त्यानं ओलांडायला पाऊल टाकलं नाही. फक्त उजवा हात सरळ आकाशाकडे नेला आणि भुवया उंचावल्या. तिनंही आपला हात उचलला. कानाच्या थोडा वर जाऊन तो थांबला. लोक वळून पाहू लागले... त्यानं ‘अजून नाही’ अशी मान हलवली, आणि गर्दीत मिसळून गेला. भाजी घ्यायची ती विसरूनच घरी आली.

समितीचा निर्णय झाला तेव्हा ती मागच्या रांगेत, बोटांत बोटं गुंतवून बसली होती. मोठं रुग्णालय जिथून लांब पडतं, तिथल्या खोल्या ठेवायच्या. जवळच्या एकत्र करायच्या. यंत्रं घ्यायची, पण थोडी कमी. आणि इथून पुढे दरवर्षी पेशंटना उठवून, चालवून मोजायचं. त्याचं गाव लांबच्या यादीत होतं. अहवालावर सहकाऱ्याचं नाव होतं. तिनं डोळे मिटून मनातल्या मनात हात जोडले.

मग सरळ बस धरली.

खोलीत तो पाठमोरा होता. टेबलाशी शिंपीकाका मन लावून कात्रीनं जुना कागद कापत होते. तिला पाहून त्यांनी तोंड उघडलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हात वर करा.”

तो न वळताच क्षणभर थांबला. मग त्यानं सावकाश दोन्ही हात वर केले.

“शरण आलो,” म्हणत तो वळला. हात खाली घ्यायचं त्याला भानच राहिलं नाही. “कशी... कशी आहेस?”

‘बरी आहे’ अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“बरी नाहीये,” ती म्हणाली. “छत्रीखालून निघाले, त्या दिवसापासून नाहीये. अजिबात नाही.”

कात्रीचा आवाज थांबला. “डॉक्टर,” शिंपीकाका म्हणाले, “पहिल्याच दिवशी खरं बोलणारी पेशंट आहे. सोडू नका.”

“काका, तुम्ही कागद कापा.”

त्यानं तिला शिडीपाशी नेलं. तिची बोटं चढू लागली. मधली पायरी मागे पडली, मग तिच्यावरची, मग तिच्याही वरची. दुखत होतं, थोडंसं. तिनं तेही सांगून टाकलं. हात पूर्ण ताणून ती शेवटच्या पायरीपाशी पोचली, तेव्हा तिथे त्याचं बोट आधीच येऊन थांबलं होतं.